धुऱ्यापलीकडचं जवस

ता. १९ ऑक्टोबर १९६५

केसरबाईनं जवस पेरलं.

आमच्या नाल्याकाठच्या वावरात! जिथं माझ्या बापानं कापसाची अशी पऱ्हाटी काढली की खामगावात व्यापारी बंडीभोवती गोळा व्हायचे, तिथं ही बया जवस पेरते. जवस म्हणजे हरभऱ्याच्या कडेनं दोन ओळी टाकायची वस्तू. ढोरं सहसा तोंड लावत नाहीत म्हणून कुंपणासारखी. वावरभर जवस कोणी पेरतं का?

निवृत्ती, माझा धाकटा भाऊ, गेल्या वैशाखात पान लागून, म्हणजे साप डसून गेला. पोटी लेकरू नाही. तेराव्याला मी सगळ्यांदेखत म्हटलं, त्याच्या बायकोनं, केसरबाईनं आमच्या घरी राहावं, दोन वेळची भाकर आम्हाला जड नाही, तिच्या वाट्याचं वावर मी वाहीन. याहून जास्त कोण काय करतं? तर माझ्या बायकोच्या, वच्छलेच्या तोंडून निरोप आला, "माह्या नवऱ्याचं वावर मीच वाहीन." वाहीन म्हणे! बैल नाहीत, सालदार नाही. तिला कोणी जोडी द्यायची नाही असा मी गावात शब्द टाकला होता, तो गावानं पाळला. मग तिचा भाऊ माहेराहून स्वतःची जोडी घेऊन आला आणि पेरून देऊन गेला. बियाणंही तिकडचंच.

पाऊस यंदा भादव्यातच पळाला. जमिनीत ओल नाही. उगवणारच नाही, मी कशाला जीव जाळू?

ता. ३ नोव्हेंबर

उगवलं.

धुऱ्यावरून, मधल्या बांधावरून पाहिलं. पानं कसली, हिरव्या सुया. वाटलं तण आहे. पुंजाजीला, आमच्या सालदाराला विचारलं. तो म्हणे, "तन नोय पाटील, जवसच हाये. चांगलं ओळीत हाये." चांगलं म्हणायची काय गरज होती? साल माझ्याकडे करतो आणि कौतुक तिकडचं.

ता. ११ नोव्हेंबर

आज एक मजाच झाली.

आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, तोंडातोंडी बोलायचं नाही. पदर पुढे ओढायचा, सांगायचं ते भिंतीला सांगायचं. केसरबाई लग्न होऊन आली तेव्हापासून मी तिचा आवाज ऐकला तो असाच, भिंतीला नाहीतर मांजरीला सांगताना. आता वावरात भिंत कुठली? मी धुऱ्यावर उभा, ती पलीकडे. तिनं पाठ फिरवली आणि धुऱ्याच्या दगडालाच सांगायला लागली.

"अरे दगडा, तुह्या मालकाले सांग बापा. ढोरं जरा सांभाळून चारजा म्हनाव. जवस हाये, पानी नाई लागलं त्याले, असं ताणावर आलेलं हिरवं जवस ढोराले लागते. माह्या माहेरी दोन म्हशी गेल्या अशानं."

मी पण काही कमी नाही. मीही दगडालाच म्हटलं, "दगडा, तिले सांग, मी जवसाच्या पेंडीचीच ढेप चारतो बैलाइले. ढेपीनं बैल उभे होतात अन् पाल्यानं मरतीन? एकाच झाडाचं ना?" पुंजाजी खाली मान घालून हसत होता. माझ्या बोलण्यावरच हसला असावा.

तिची चाल मला कळली. चार काड्या वाचवायला भीती घालते. आणि दगडाच्या आडून का होईना, मला शिकवते.

ता. २७ नोव्हेंबर

तण निंदणाऱ्या बाया तिच्याकडे जात होत्या, त्या बंद केल्या. मी कोणाला जाऊ नको म्हटलं नाही. एवढंच म्हटलं की तिकडे गेल्या त्यांनी माझ्याकडे कापूस वेचायला येऊ नये. समजदाराला इशारा पुरतो. आता एकटी निंदते. दिवसभर वाकलेली दिसते.

जेवताना चटणी फार झकास होती, दोन भाकऱ्या जास्त गेल्या. वच्छलेला म्हटलं, आज तुझ्या हाताला चव आली. तर म्हणे, "केसरनं देल्ली. जवसाची हाये." मी ताट लोटणारच होतो, पण अन्नाचा अपमान माझ्याच्यानं होत नाही. संपवली.

ता. ९ डिसेंबर

जवस फुललं. सकाळी नाल्याकाठी सगळं निळं निळं. गावातल्या बाया पाण्याला जाता जाता थांबून पाहतात. कशासाठी? खायचं फूल नाही, देवाला कोणी वाहत नाही. वच्छलाही घागर घेऊन धुऱ्यावर उभी होती. मी हाक मारली तेव्हा दचकली. "आभाय खाली उतरल्यासारखं दिसून राह्यलं वो," म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या वावराबद्दल कधी असं बोलली नाही.

दुपारी मुद्दाम पुन्हा गेलो. पाकळ्या झडून खाली पडलेल्या. अर्ध्या दिवसाचं फूल. पीकही वीतभरच राहिलंय, पाणी कुठं आहे? तरी उभं आहे, हे मला खटकतं. माझी ज्वारी करपली. कडब्याची गंजी अर्ध्यावर आली. विकत घ्यायचा तर मिळत नाही, आणि हिचं वीतभर का होईना हिरवं आहे. भाऊ होता तोवर नाल्याची ओल आमची होती. तो गेला आणि ओल तिची झाली. हा न्याय कुठला?

ता. १३ डिसेंबर

पुंजाजीला सांगितलं, उद्या दुपारी चांद्या-पोवळ्याला धुऱ्याजवळ सोड. दावी गळ्यात राहू दे. म्हणजे दावं तुटून बैल गेले असं म्हणता येईल. तो म्हणाला, "पाटील, थे बाई म्हनत होती का जवस..." मी म्हटलं, "काऊन बे? साल कोनाचं खाऊन राह्यला तू?"

पीक गेलं की तिचं इथं काय राहील? माहेरी जाईल. तिथं भाऊ आहे, सुखात राहील. तिच्याही भल्याचंच आहे. मी कोणाचं वाईट कधी चिंतलेलं नाही.

ता. १४ डिसेंबर

पोवळ्या गेला. माझा पोवळ्या गेला.

लिहून ठेवतो. दुपारी बाभळीखाली बसलो होतो. पुंजाजी भाकर खायला गेला आणि दावी तुटून बैल आपणच पलीकडे गेले. मुकं जनावर, उपाशी, हिरवं दिसलं तिकडे गेलं. पोवळ्या आधी नुसता हुंगत होता. मग लागला मुंड्या मोडायला. चांद्या त्याच्या मागे.

वावराच्या पार दुसऱ्या टोकाला ती निंदत होती. तिथून धावत आली. डोक्यावर पदर नाही, केस सुटलेले. आमच्या घरातली बाई अशी मी जन्मात पाहिली नाही. आधी तिनं चांद्याला काठीनं झोडपलं, झोडपत झोडपत धुऱ्याबाहेर काढलं. माझ्या बैलाला! त्याच्या पुठ्ठ्यावर वळ उठलेत, आत्ता हात फिरवून आलो. मग पोवळ्याच्या दाव्याला लोंबकळली. तो हत्तीसारखा, हिला काय जुमानतो? तेव्हा ती वळली आणि सरळ माझ्याकडे पाहून, माझ्या तोंडावर ओरडली,

"भासरे, काढा त्याले! बसून काय राह्यले? मरन ना तो! मरन तुमचा बैल!"

दगड नाही, भिंत नाही. सरळ माझ्याशी!

मी उठलो नाही. का उठू? भावाची बायको भासऱ्याला हुकूम सोडते आणि भासऱ्यानं पळायचं? पुंजाजी भाकर टाकून धावत आला होता, त्यालाही मी हात धरून बसवला. म्हटलं, "राहू दे. खाऊ दे पोटभर."

थोड्या वेळानं पोवळ्या धापा टाकायला लागला. पाय फाकवून उभा राहिला, तोंडाला फेस आला, डोळे बाहेर. मग कोसळला. पाय झाडत होता. मी धावलो तेव्हा त्याचं डोकं तिनं मांडीवर घेतलेलं, पदर भिजवून त्याचं तोंड पुसत होती आणि हमसून हमसून रडत होती. माझा बैल आणि रडायची ही! ऊन उतरायच्या आत जीव गेला.

तिनं तोंडातून काढलं आणि बैल मेला. मी माझ्या कानांनी ऐकलं.

ता. १५ डिसेंबर

ढोरांचा डॉक्टर तालुक्याहून सायकलीवर आला. पोवळ्याच्या हिरड्या उचकून पाहिल्या, लालभडक होत्या. विचारलं, "हिरवं काही खाण्यात आलं का? ज्वारीचे कोवळे फुटवे, ताणावरचं काही पीक?" मी म्हटलं, कडबा. दुसरं काय सांगणार? हिरवं म्हटलं की कोणाच्या वावरातलं, हा पुढचा प्रश्न. डॉक्टर म्हणाला, नुसत्या कडब्यानं असं होत नाही, मग मला सांगता यायचं नाही.

ऐकलं? शिकलेल्या डॉक्टरला सांगता आलं नाही. म्हणजे औषधपाण्यातलं हे प्रकरणच नाही. मला आता शंका उरली नाही.

चांद्या बरा आहे. रवंथ करतो. देवानं राखला.

ता. १७ डिसेंबर

वच्छलेनं आज भाकर थापता थापता काढलं, "जवसानंच गेला वो तो. केसर तं आंधीच सांगत होती. चांद्याले तिनंच हाकलला म्हून वाचला."

एक ठेवून दिली. परातीवर पडली. माझ्याच घरात माझ्याच बैलाच्या मरणाचा दोष माझ्यावर? मग तिचा हात माझ्या मानेवर ठेवून माझ्या गळ्याची आण घातली. आजपासून ढोरावासराच्या गोष्टीत तोंड उघडायचं नाही. उघडलं तर माझं मेलेलं तोंड पाहशील. बायकांना आण पुरते. ती हात मागे घ्यायला पाहत होती, मी घेऊ दिला नाही. शेवटी "हाव" म्हणाली.

पुंजाजीलाही बजावलं, जवस हा शब्द पुन्हा काढला तर साल मोडलं समज.

ता. २३ डिसेंबर

मारुतीच्या पारावर बसलो. उत्तमराव पोलीस पाटील आणि चार जाणती माणसं. मी फार बोललो नाही. ती काय ओरडली तेवढं सांगितलं, शब्द न शब्द. पुंजाजीला विचारलं, बाईनं असं म्हटलं का? त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "म्हनलं." खोटं एक अक्षर नाही.

केसरबाईला बोलावलं. ती देवळाच्या खांबाआड उभी राहिली, पदर नाकापर्यंत. आता आठवली रीत! खांबालाच सांगत होती, "मी वाचवाले म्हनलं वो, खांबा. शाप नोता तो. जवस लागलं त्याले." उत्तमराव म्हणाले, बाई, वाचवायचंच होतं तर भासऱ्याशी पदर टाकून बोलायची काय गरज होती? माणूस धाडायचा. उत्तमराव बरोबर बोलले.

कोणीतरी मागून म्हणालं, निवृत्तीलाही पान लागलं ते हिच्याच वावरात. मी ते म्हटलेलं नाही.

ता. ३० डिसेंबर

सार्वजनिक विहिरीवर बाया तिला दोर टाकू देत नाहीत. नाल्याच्या डबक्यातलं पाणी गाळून पिते म्हणे. बनाबाईचं लेकरू तापलं, तर बनाबाईनं तिच्या दारासमोर मिरच्या जाळल्या. ती बनाबाई शेजारीणच आमची. मी तिच्या नवऱ्याजवळ फक्त एवढं बोललो होतो की लेकराला नाल्याकडे खेळायला पाठवू नये. सावध करणं माझं काम आहे.

वच्छला मला वाढते, पण बोलत नाही. घरात शांतता आहे. बरं वाटतं.

ता. ५ जानेवारी १९६६

गेली.

काल संध्याकाळी तिच्या घरावर दगड पडले. मी घरीच होतो, ओट्यावर, सगळ्यांनी पाहिलंय. कपाळ फुटलं म्हणे. आज सकाळी गाठोडं घेऊन निघाली, कपाळाला फडकं, ते लाल झालेलं. मी दारात उभा होतो, हटलो नाही. ती पण हटली नाही. आमच्या दारासमोर थांबली आणि वच्छलेला म्हणाली, "जाऊबाई, जवस बोंडावर हाये. पिकून वाळल्याबिगर हात नका लावू देऊ त्याले. वाळलं का मंग तुमीच सोंगा, चटनीले होईन."

वच्छला रडली. कपाळभर कुंकू लावलेली सवाष्ण असून रडते, तेही कोणासाठी?

मोटार सोनाळ्याहून मिळते, तिथवर चालत गेली असेल. वावराच्या कागदावर तिचा अंगठा राहिला आहे, पण तो काय, आज ना उद्या देईल. भावाच्या दारात किती दिवस राहते पाहू.

दुपारी धुऱ्याचा दगड पुंजाजीकडून उपटून नाल्यात टाकला. आता वावर एक झालं. बापाचा आत्मा शांत झाला असेल. मी मधोमध उभा राहिलो. गुडघ्यालाही लागत नाही ते जवस, हिरवी बारीक बोंडं धरलीत. पायाखाली मऊ लागतं.

ता. १४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ नावाचाच. घरात गोड बोलायला कोण आहे?

गंजी संपली. कुटाराचा तळ दिसतो. ढोरं दावणीला उभी राहून हंबरतात, त्यांच्याकडे पाहवत नाही. माझ्यात माया नाही म्हणणाऱ्यांनी येऊन पाहावं. विशेष करून कपिला गाय. आईनं जाताना माझ्या हातात हिच्याच आजीचं दावं दिलं होतं, तेव्हापासून हे बीज घरात आहे. गाभण आहे, महिन्याभरात व्यायेल. बरगड्या दिसायला लागल्या. मी जवळ गेलो की माझा हात चाटते, जीभ खरखरीत, काही नाही हातात तरी चाटते. माणसांपेक्षा जनावर बरं.

आणि नाल्याकाठी वावरभर हिरवा चारा उभा! मघाशी झोपाळ्यावर बसल्या बसल्या सुचलं. तिची पीडा गावाबाहेर गेली, आता त्या हिरव्याला दोष कसला? दाणे काय निघायचेत त्या वीतभर काड्यांतून? ढेपीचंच झाड आहे ते. ढोरांच्या अंगी लागेल.

ता. १६ जानेवारी

सकाळपासून सोंगणी. पुंजाजी आणि दोन बाया. पुंजाजीला म्हटलं, सगळं हिरवंच काप, बंडी भरून ढोरांच्या कोठ्यात आण. तो विळा हातात धरून नुसता उभा. मी म्हटलं, "काय बे?" म्हणाला, "काई नाई पाटील. साल मोडाल तुमी." आणि वाकून कापायला लागला. चांगला मारका बैल सरळ होतो, सालदार का नाही होणार?

बंडी अंगणात आली तेव्हा वच्छला दारात आली. भाऱ्याकडे पाहत राहिली. मग मला म्हणाली, "मी एक बोलू का?"

कित्येक दिवसांनी आपणहून बोलली म्हणून मला बरंच वाटलं. म्हटलं, "बोल की. ढोरांचं सोडून काहीबी बोल."

"आण सोडवता का माही?"

"आण ती आण. ती सुटत असते काय?"

"मंग काई नाई," म्हणाली.

आत गेली. तिच्या माहेराहून आलेली शेळी सोडली आणि बनाबाईच्या अंगणात नेऊन बांधली. विचारलं, काऊन? तर म्हणे, अठी गर्दी होते. परत आली ती हळदीकुंकवाचा करंडा घेऊन कोठ्यात गेली. कपिलेला कुंकू लावलं, चांद्याला लावलं, म्हशीला, दोन्ही गोऱ्ह्यांना. कपिलेच्या गळ्यात हात टाकून उभी राहिली बराच वेळ. चला, घरात पुन्हा सणासारखं वाटलं. रुसवा गेला म्हणायचा.

दिवस कलता कलता सगळ्या गव्हाणी काठोकाठ भरल्या. पुंजाजी पेंढ्या टाकून पळालाच, पोट दुखतं म्हणे. गोऱ्हे लगेच तुटून पडले, म्हैसही. चांद्या मात्र मागे सरून दावं ताणत होता, त्या बाईच्या काठीची दहशत अजून आहे. पण भूक कोणाला सोडते? त्यानंही शेवटी तोंड घातलं. कपिला नुसती हुंगे आणि माझ्याकडे पाही. लाडावलेली. मग मी बाजूला बसलो, बोंडाबोंडाची कोवळी मूठ करून तिच्या तोंडाशी धरली, आईनं धरली असती तशी. "खाय माय," म्हटलं, "आपल्याच वावरातलं हाये." माझ्या हातातून तिनं कधी नाही म्हटलेलं नाही. खाल्लं. दुसरी मूठ दिली, तीही खाल्ली. मग आपणच गव्हाणीत मान घातली.

ओट्यावर कंदील लावून हे लिहितो आहे. कोठ्यातून चावण्याचा आवाज येतो. किती दिवसांनी ढोरं पोटभर खात आहेत. वच्छलेनं अजून चूल पेटवलेली नाही. दारात बसली आहे, कोठ्याकडे कान लावून. भाकर टाक म्हटलं, तर म्हणाली, "थांबा जरासं."